मद्याचे बळ

१९१५ साली बंगळूर शहरात दोन गोष्टी घडल्या. त्यांचा परस्परांशी काडीचाही संबंध नव्हता. पण इतिहासाचा अभ्यासक त्या शेजारी शेजारी ठेवतो, तेव्हा त्याला मोठी मौज वाटते. त्या वर्षी पंडित शामशास्त्री यांनी केलेले कौटिलीय अर्थशास्त्राचे इंग्रजी भाषांतर तेथील सरकारी छापखान्यातून ग्रंथरूपाने बाहेर पडले. शतकानुशतके हरवलेल्या या ग्रंथाची पोथी म्हैसूरच्या प्राच्यग्रंथालयात त्यांच्या हाती आली होती, आणि मूळ संहिता १९०९ मध्ये छापून झाली होती. त्याच १९१५ साली टॉमस लीशमन नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थाने दक्षिणेतील पाच बिअरचे कारखाने एकत्र करून 'युनायटेड ब्रुअरीज' ही कंपनी उभी केली. आता कोणी विचारील, राजनीतीच्या ग्रंथाचे आणि बिअरच्या पिंपाचे नाते काय? नाते आहे, आणि ते जुने आहे. मद्याचे बळ कसे वाढवावे आणि त्या बळावर अंकुश कोणाचा असावा, हा प्रश्न दोहोंपुढेही उभा होता.

कौटिल्याने सुराध्यक्षासाठी एक स्वतंत्र अध्याय खर्ची घातला आहे. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे मद्याचे सहा प्रकार त्याने सांगितले, आणि त्यांतील अनेकांची मापेही दिली. आसवासाठी एक तुळा कवठ, पाच तुळा काकवीसारखा उसाचा पाक आणि एक प्रस्थ मध, असे त्याचे प्रमाण आहे. पुढे तो म्हणतो की हे प्रमाण चौथाईने वाढवले तर आसव ज्येष्ठ प्रतीचा होतो आणि चौथाईने घटवले तर कनिष्ठ प्रतीचा. म्हणजे मद्याची प्रत त्यातील मालाच्या प्रमाणावर ठरते, ही गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती. मद्य आंबवण्यासाठी जे विरजण लागे त्याला तो 'किण्व' म्हणतो. आज आपल्या शास्त्रीय परिभाषेत आंबवण्याच्या क्रियेला 'किण्वन' म्हणतात, ते याच शब्दावरून.

हे किण्व करते तरी काय? इडलीचे किंवा जिलेबीचे पीठ रात्रीतून फुगते, हे प्रत्येक गृहिणीला माहीत असते. मद्याच्या पिंपातही असेच सूक्ष्म जीव काम करतात. ते साखर खातात, आणि तिचा मद्यार्क व कर्बवायू करून सोडतात. शंभर भाग साखरेतून फार तर एक्कावन्न भाग मद्यार्क निघतो. त्याहून अधिक काढणे कोणाच्याही हाती नाही. बिअरसाठी जवाला मोड आणतात, ते वाळवून भरडतात आणि गरम पाण्यात भिजत ठेवतात. तेव्हा त्यातील पिठूळ अंशाची साखर होते आणि गोड काढा तयार होतो. या काढ्यात जितकी साखर, तितके मद्याचे बळ. म्हणून बळ वाढवावयाचे तर जव वाढवावे, अथवा वरून गूळ-साखर घालावी, हेच दोन सरळ मार्ग. मात्र नुसती साखर वाढवली तर बिअर पातळ आणि बेचव होते. जव वाढवले तर तिला अंग राहते.

इंग्रजांनी १८०९ च्या सुमारास बंगळुरास लष्करी छावणी वसवली. समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीवरचे हे गाव त्यांना मानवले, आणि बिअरच्या किण्वालाही मानवले. एल नावाची जुन्या धर्तीची बिअर अठरा ते बावीस अंश सेल्सियसमध्ये उत्तम आंबते. मद्रासच्या उकाड्यात ते अवघड, बंगळूरच्या थंडीच्या दिवसांत सोपे. तोपर्यंत विलायतेची बिअर आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने जहाजात हेलकावे खात येई. ती टिकावी म्हणून तिचे बळ मुद्दाम वाढवीत, असा एक गोड समज आहे. वस्तुतः त्या काळच्या इतर बिअरच्या मानाने ती फार कडक नव्हती. तिला तारले ते बव्हंशी हॉप नावाच्या वेलीच्या कडू फुलांनी.

बळ मोजण्याचे खरे साधन मिळाले ते १७८४ मध्ये. जॉन रिचर्डसन या इंग्रज मद्यकाराने काढ्यातील साखर मोजणाऱ्या नळीचा उपयोग जाहीर केला. आपला गवळी दुधात लॅक्टोमीटर सोडतो, तसाच हा प्रकार. आंबण्यापूर्वी काढ्याची घनता १.०५० भरली आणि आंबल्यावर १.०१० उरली, तर त्या फरकावरून मद्यार्क शेकडा पाचाच्या आसपास आहे असे सांगता येते. जिभेचा अंदाज गेला आणि आकडा आला. आणि आकडा आला की त्याच्या मागोमाग करवसुली करणारा अधिकारीही येतोच.

परंतु या बळाला निसर्गानेच एक मर्यादा घातली आहे. मद्यार्क वाढत गेला की तो ज्या जीवांनी निर्माण केला त्यांनाच मारक होऊ लागतो. साधे किण्व शेकडा आठ-दहाच्या पुढे दमते. निवडक जाती आणखी थोड्या पुढे जातात. त्यांनाही साखर एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्यावी लागते. जाणता मद्यकार म्हणून घाई करीत नाही. पिंपात बळ वाढते ते धीराने. आजच्या भारतीय नियमांत पाच ते आठ टक्क्यांच्या बिअरला कडक म्हणतात, आणि आपल्या देशात खप अधिक तिचाच; कारण घेणारा चवीपेक्षा नशेचा हिशेब करतो.

हा हिशेब किती महाग पडतो, हे याच बंगळूरने पाहिले आहे. १९८१ च्या जुलै महिन्यात विषारी दारूने या शहरात तीनशेहून अधिक माणसे दगावली. त्या दारूचे बळ पिंपात वाढलेले नव्हते. ते बाहेरून ओतलेले होते. मिथेनॉल हा कारखान्यातील कामाचा पदार्थ. दिसावयास आणि वासाला मद्यार्कासारखा, पण शरीरात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल होते. आधी दृष्टी जाते, मग प्राण. मेलेली माणसे बहुतांशी हातावर पोट असणारी. थोड्या पैशांत अधिक बळ, एवढेच त्यांना हवे होते.

येथे पुन्हा कौटिल्याकडे वळावेसे वाटते. त्याचा सुराध्यक्ष करडा होता, तरी घरच्या कार्यप्रसंगी कुटुंबवत्सल माणसाला श्वेतसुरा करण्याची आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा त्याने ठेवली होती. उत्सवात व यात्रेत चार दिवस मद्य करण्याची मोकळीक होती. आज परवान्यावाचून घरी मद्य करणे हा गुन्हा आहे. बंगळूरमध्ये गेल्या काही वर्षांत परवानाधारक छोटी मद्यगृहे निघाली आहेत आणि तेथे ताजी बिअर पिंपातून थेट मिळते. पण ती परवडणारा वर्ग निराळा.

मद्य प्यावे की न प्यावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण दोन हजार वर्षांच्या या कथेतून एक गोष्ट स्पष्ट होते. जे बळ धान्यातून, किण्वातून आणि वेळ देऊन वाढते, त्याला स्वतःची मर्यादा असते. निसर्गच त्याचा सुराध्यक्ष असतो. जे बळ वरून ओतले जाते त्याला मर्यादा नसते. अशा वेळी राज्याचा सुराध्यक्ष केवळ कर मोजीत बसला, तर पेल्यात काय आहे हे पाहावयास कोणीच उरत नाही, आणि त्याची किंमत गरिबाला मोजावी लागते.