व्हेनिसचे पुढचे दार: एका शहराची आणि त्याच्या पाहुण्यांची गोष्ट

१/
आज व्हेनिसला जाणारा प्रवासी बहुधा मागच्या दाराने आत शिरतो. सांता लुचिया रेल्वे स्थानकाच्या पायऱ्या उतरताच समोर ग्रँड कॅनालचे हिरवट पाणी येते आणि तो हरखून जातो. परंतु हे शहर या बाजूने पाहण्यासाठी बांधलेले नव्हते. त्याचे पुढचे दार समुद्राकडे होते. सान मार्कोच्या धक्क्यावर उभे असलेले ग्रॅनाइटचे दोन उंच स्तंभ, एकावर संत मार्कचा पंखधारी सिंह आणि दुसऱ्यावर संत थिओडोर, ही या दाराची चौकट. पाहुण्यांचे दार बदलले तेव्हा शहराचे काय झाले, हे पाहण्यासाठी हा धागा.

२/
प्रथम भूगोल. एड्रियाटिक समुद्राच्या उत्तर टोकाशी, वाळूच्या लांबट बेटांनी अडवलेल्या उथळ खाऱ्या पाण्यात, म्हणजे लगूनमध्ये, सुमारे ११८ लहान बेटे आहेत. चिखलात लाकडी खांब ठोकून त्यांवर ही नगरी उभी राहिली. तिला तटबंदी नव्हती. उथळ पाण्यातून जहाज नेण्याजोगे मार्ग थोडे, आणि ते खुणांच्या खांबांनी दाखवलेले असत. शत्रू आला की खांब उपटून टाकायचे. १३७९-८० मध्ये जिनोआशी झालेल्या युद्धात व्हेनिसने हेच केले. शहरात कोण आणि कोणत्या वाटेने येणार, हे शहरच ठरवत होते.

३/
मध्ययुगातील सर्वांत मोठा प्रवासीवर्ग म्हणजे जेरुसलेमचे यात्रेकरू. आल्प्स ओलांडून ते व्हेनिसला येत आणि तेथून जाफाकडे जाणाऱ्या गलबतात बसत. जहाजमालकाशी लेखी करार होई. प्रवास, जेवण, पवित्र भूमीतील कर आणि वाटाडे हे सारे त्यातच येत असे. करार मोडला तर प्रजासत्ताकाकडे दाद मागता येई. जर्मन धर्मगुरू फेलिक्स फाब्री याने १४८० आणि १४८३ अशा दोन वेळा ही यात्रा केली आणि तिचे तपशीलवार वर्णन लिहून ठेवले. आजच्या भाषेत सांगायचे तर हे शासनाच्या देखरेखीखालील ‘पॅकेज टूर’च होते.

४/
या यात्रेकरूंसाठी शहराने अधिकृत मार्गदर्शक नेमले होते. त्यांना ‘थोलोमारी’ म्हणत. सान मार्को आणि रिआल्तो येथे उभे राहून नवख्यांना निवास मिळवून देणे, नाणी बदलून घेण्यास आणि जहाजाचा सौदा ठरवण्यास मदत करणे हे त्यांचे काम होते. नवखा माणूस लुबाडला गेला तर पुढच्या वर्षी यात्रेकरू दुसरे बंदर शोधतील, हे व्यापारी राज्यकर्त्यांना पक्के ठाऊक होते. पाहुण्याची काळजी आणि पाहुण्यावरील नजर ही दोन्ही कामे एकाच व्यवस्थेतून होत.

५/
व्यापाऱ्यांवरील नजर अधिक कडक होती. जर्मन व्यापाऱ्यांनी रिआल्तोजवळील ‘फोंदाको देई तेदेस्की’ या इमारतीतच उतरायचे, माल तेथेच ठेवायचा आणि त्याची नोंद द्यायची. १५१६ मध्ये ज्यूंसाठी वेगळी वस्ती नेमण्यात आली. रात्री तिचे दरवाजे बंद होत. ‘घेट्टो’ हा शब्द तिथलाच. साथीच्या काळात येणाऱ्यांसाठीही बेटे राखून ठेवलेली होती. १४२३ मध्ये एका बेटावर प्लेगचे कायमस्वरूपी रुग्णालय उघडले. ‘क्वारंटाइन’ या शब्दामागे चाळीस या अर्थाचा ‘क्वारांता’ हा शब्द आहे. या व्यवस्थेत दूरदृष्टी होती, तसाच निष्ठुरपणाही होता.

६/
या शहराचे एक रूप महाराष्ट्राने नकळत गळ्यात घातले आहे. १२८४ पासून व्हेनिसमध्ये पाडल्या जाणाऱ्या ‘डुकॅट’ या सोन्याच्या नाण्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेल्या डोजची, म्हणजे तेथील प्रमुखाची, आकृती असे. शुद्ध सोन्यामुळे हे नाणे अरबी समुद्र ओलांडून भारतात आले. त्यावरील मानवाकृतींमुळे मराठी मुलखात ते ‘पुतळी’ म्हणून ओळखले गेले आणि ‘पुतळ्यांची माळ’ हा दागिना रूढ झाला. निकोलाओ मनुची हा प्रवासीही व्हेनिसचाच. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत शिवाजी महाराजांशी बोलणे झाल्याचे त्याने नमूद केले आहे.

७/
शहरात फिरण्याचे साधन होते नाव. गोंडोला सुमारे ११ मीटर लांब असते आणि तिची डावी बाजू उजवीपेक्षा रुंद असते. नावाडी मागे उभा राहून एकाच वल्ह्याने उजवीकडे ती वल्हवतो. दोन्ही बाजू सारख्या असत्या तर ती सतत एकीकडे वळत राहिली असती. ग्रँड कॅनालवर १८५४ पर्यंत एकच पूल होता, रिआल्तोचा. त्याचे आजचे दगडी रूप १५९१ मध्ये पूर्ण झाले. इतरत्र पैलतीरी जाण्यासाठी ‘त्रागेत्तो’ ही तरीची नाव असे. ती आजही काही ठिकाणी चालते आणि स्थानिक लोक तिच्यात बहुधा उभ्यानेच कालवा ओलांडतात.

८/
नवे सागरी मार्ग खुले झाले तसा व्हेनिसचा व्यापार हळूहळू ओसरला. अठराव्या शतकात शहर प्रामुख्याने पाहुण्यांच्या करमणुकीवर जगू लागले. युरोपभर शिक्षणाची फेरी काढणारे श्रीमंत इंग्रज तरुण मुखवट्यांचा कार्निव्हल, संगीत आणि जुगार यांसाठी येत आणि जाताना कानालेत्तो या चित्रकाराची शहरदृश्ये विकत नेत. युद्धामुळे इंग्रज प्रवासी येईनासे झाले तेव्हा, १७४६ मध्ये, कानालेत्तो स्वतःच इंग्लंडला गेला. पर्यटकांवर बेतलेली कला पर्यटकांमागे गेली. पुढे शहरावर काय येणार होते, त्याची ही लहानशी सूचना होती.

९/
१२ मे १७९७ रोजी नेपोलियनच्या धाकाने महासभेने प्रजासत्ताक विसर्जित केले. शहर त्याच वर्षी ऑस्ट्रियाकडे गेले, आणि पाहुण्यांविषयीचे निर्णय आता दूरच्या राजधानीत होऊ लागले. १८४६ मध्ये मुख्य भूमीपासून व्हेनिसपर्यंत २२२ कमानींचा रेल्वेपूल खुला झाला. हजार वर्षे पाण्याने राखलेले अंतर आगगाडी काही मिनिटांत कापू लागली. पुढे १८६१ मध्ये संत लुचियाचे चर्च पाडून मोकळ्या झालेल्या जागी स्थानक उभे राहिले. पाडलेल्या चर्चचे नाव तेवढे स्थानकाला उरले.

१०/
पूल होऊन तीनच वर्षे झाली असताना त्याचे दुसरे रूप दिसले. १८४८ मध्ये व्हेनिसने ऑस्ट्रियाविरुद्ध बंड करून पुन्हा प्रजासत्ताक घोषित केले. १८४९ च्या वेढ्यात बचाव करणाऱ्यांनी याच पुलाच्या काही कमानी उडवून दिल्या. खुणांचे खांब उपटण्याची जुनी युक्ती नव्या रूपात परतली होती. परंतु भूक आणि कॉलऱ्यापुढे ऑगस्टमध्ये शहराला शरण जावे लागले. पूल दुरुस्त झाला. १८६६ मध्ये व्हेनिस इटलीत सामील झाले आणि गाड्या प्रवाशांनी भरून येऊ लागल्या.

११/
स्थानक शहराच्या एका टोकाला आणि सान मार्को दुसऱ्या भागात. मग इतक्या लोकांना न्यायचे कसे? १८८१ मध्ये एका फ्रेंच कंपनीने ग्रँड कॅनालवर वाफेच्या बोटी सुरू केल्या, त्याच ‘वापोरेत्तो’. गोंडोलावाल्यांनी संप पुकारला, पण बोटी थांबल्या नाहीत. गोंडोला मग रोजच्या वाहतुकीतून हळूहळू बाहेर पडली आणि पाहुण्यांच्या हौसेची वस्तू झाली. आज क्रमांक १ ची वापोरेत्तो ग्रँड कॅनालच्या थांब्यांवर थांबत संथपणे जाते. दोन्ही तीरांवरील प्रासादांची दर्शनी बाजू पाण्याकडे का आहे, ते तिच्यातून नीट कळते.

१२/
पायी फिरताना मात्र नवखा माणूस हमखास चुकतो. शहर सहा ‘सेस्तिएरे’ म्हणजे विभागांत वाटलेले आहे. घरांचे क्रमांक गल्लीनुसार नसून संपूर्ण विभागात सलग चालतात, त्यामुळे ते हजारांत जातात. गल्ली म्हणजे ‘काल्ले’, चौक म्हणजे ‘काम्पो’, कालव्याकाठची वाट म्हणजे ‘फोंदामेंता’, घराखालून जाणारी वाट ‘सोतोपोर्तेगो’. ‘पियाझ्झा’ हा मान परंपरेने एकट्या सान मार्कोला. काम्पो म्हणजे मुळात शेत किंवा मोकळे मैदान. तिथे विहीर असे, चर्च असे, मुले खेळत. शहराचे घरगुती जीवन याच चौकांत नांदत होते.

१३/
२५ एप्रिल १९३३ रोजी, संत मार्कच्या सणादिवशी, रेल्वेपुलाला लागून मोटारींचा पूल खुला झाला. पलीकडे मार्गेरा आणि मेस्त्रे येथे कारखाने आणि स्वस्त घरे वाढत होती. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी भरतीचे पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढले आणि तळमजल्यावरची असंख्य घरे राहण्याजोगी उरली नाहीत. कोरडे घर, दाराशी गाडी, जवळ नोकरी हे सारे पुलापलीकडे मिळत होते. १९५१ मध्ये ऐतिहासिक शहरात सुमारे १,७५,००० लोक राहत. मग पाहुण्यांना आणणाऱ्या पुलावरूनच रहिवासी बाहेर पडू लागले.

१४/
१५ जुलै १९८९ रोजी सान मार्कोसमोर तरंगत्या मंचावर पिंक फ्लॉइडचा कार्यक्रम झाला. सुमारे दोन लाख लोक लोटले. पुरेशी स्वच्छतागृहे नव्हती आणि नंतर चौकभर कचऱ्याचा खच पडला. संतापलेल्या नागरिकांपुढे नगरशासनाला पायउतार व्हावे लागले. थोलोमारी नेमणाऱ्या शहराला एका रात्रीचे पाहुणेही आवरता आले नव्हते. त्यानंतर प्रचंड पर्यटक जहाजे आली. विचित्र गोष्ट अशी की ती पुढच्याच दाराने, दोन स्तंभांसमोरून जात आणि प्रासादांहून उंच दिसत. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरील जहाजांना ती वाट बंद झाली.

१५/
रिआल्तोजवळच्या एका औषधालयाच्या खिडकीत २००८ पासून रहिवाशांची संख्या दाखवणारा फलक आहे. २०२२ मध्ये ती ५०,००० च्या खाली गेली. पुढच्याच वर्षी पर्यटकांसाठीच्या खाटा रहिवाशांहून अधिक झाल्या. मालकाला वर्षभराच्या भाडेकरूपेक्षा चार रात्रींचा पाहुणा परवडतो. भाडेकरू गेला की शाळेतील मुले कमी होतात, मग किराणा दुकान बंद पडते आणि तिथे मुखवटे विकले जातात. जेथे एकेकाळी जर्मन व्यापाऱ्यांना नोंद द्यावी लागे, त्या फोंदाकोत २०१६ मध्ये चैनीच्या वस्तूंचे भव्य दुकान उघडले होते.

१६/
२५ एप्रिल २०२४ रोजी, पुन्हा संत मार्कच्याच सणादिवशी, एका दिवसासाठी येणाऱ्यांकडून पाच युरो प्रवेशशुल्क घेणे सुरू झाले. त्या वर्षी ते २९ दिवस लागू होते, २०२५ मध्ये ५४ दिवस. समर्थकांच्या मते गर्दी मोजण्याची ही सुरुवात आहे. विरोधी रहिवासी म्हणतात, तिकीट लावल्याने शहर संग्रहालय होते आणि घरांचा प्रश्न तसाच राहतो. जुन्या प्रजासत्ताकाने पाहुण्यांवर नियम लादले, ते भरल्या शहराचे हित जपण्यासाठी. आज नियम करायचे आहेत ते रिकामे होत चाललेल्या शहराला.

१७/
म्हणून व्हेनिसला जाणाऱ्याने शक्य तर एखादी रात्र तिथेच, रीतसर नोंदणी असलेल्या निवासात काढावी. गल्लीत उजव्या हाताने चालावे, अरुंद पुलावर वाट अडवू नये. सान मार्को पाहून झाल्यावर पूर्वेकडच्या कास्तेल्लो विभागात जावे. तिथे दोरीवर वाळत घातलेले कपडे अजून दिसतात. दोन घरांमध्ये ताणलेल्या त्या दोरीवरच्या चादरी, शाळेचे सदरे आणि टॉवेल ज्यांचे आहेत, त्यांच्यासाठी हे शहर बांधले गेले होते. त्यांतील काहीजण अजून तिथे राहतात.

(धागा समाप्त)