नव्वद अंशांवर अडलेला हात

वॉशिंग्टनमधल्या 'बोर्ड ऑफ व्हेटरन्स अपील्स'पुढे माजी सैनिकांची जी अपिले येतात, त्यांत खांद्याचे प्रकरण वरवर पाहता सगळ्यांत सोपे वाटावे. पॅराशूटमधून उतरताना कुणी खांद्यावर आपटलेला असतो, कुणी वर्षानुवर्षे पाठीवर ओझी वाहिलेली असतात. हात कुठवर वर जातो एवढे मोजले की झाले! धडधाकट खांद्याचा हात बाजूपासून थेट डोक्यावर, म्हणजे 180 अंश जातो. सरकारी तक्त्यात या मोजणीचा क्रमांक 5201. हात खांद्याच्या पातळीला, 90 अंशांवर अडला तर अपंगत्व 20 टक्के. 45 वर अडला तर 30 आणि 25 वर अडला तर 40. मात्र तो रोजच्या कामाचा हात नसेल तर या खालच्या दोन पायऱ्यांवर दहा-दहा टक्के वजा. 2024 च्या दराने 20 टक्क्यांना महिन्याला सुमारे 338 डॉलर मिळत आणि 30 टक्क्यांना 524. तपासनिसाची कोनमापक पट्टी कुठे थांबते, यावर घरखर्चाचा एक कोपरा अवलंबून असतो. भांडण तिथेच सुरू होते. कारण हात एकदा वर जाणे वेगळे आणि दिवसभर त्या हाताने काम करणे वेगळे.

हा फरक ऐकून घ्यायला मंडळाला साठेक वर्षे लागली.

मंडळाचा जन्मच मुळी काटकसरीच्या काळातला. मार्च 1933 मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले आणि त्याच महिन्यात 'इकॉनॉमी अॅक्ट' संमत झाला. त्यात सैनिकांच्या लाभांना मोठी कात्री लागली. आदल्याच वर्षी बोनस मागायला राजधानीत तळ ठोकून बसलेल्या महायुद्धातल्या सैनिकांना लष्कर घालून हुसकावले होते. त्या पार्श्वभूमीवर ही कात्री. तक्रारी वाढणार हे उघड होते. 28 जुलैला रूझवेल्टांनी आदेश काढून अपील मंडळ नेमले. पण नव्या कायद्यातली मेख अशी, की व्हेटरन्स अॅडमिनिस्ट्रेशनचा निर्णय हा शेवटचा. कोणत्याही न्यायालयाला त्यात डोकावण्याचा अधिकार नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपल्याकडे म्हणतात. या सैनिकांपुढे चढायला पायरीच ठेवली नव्हती.

वकीलही जवळजवळ नव्हता. यादवी युद्धाच्या काळात, 1864 मध्ये, पेन्शनच्या दाव्यासाठी वकिलाने दहा डॉलरपेक्षा जास्त घेऊ नयेत असे ठरले. हेतू चांगला होता, सैनिकांना लुबाडणाऱ्या दलालांना आवरण्याचा. पण तो दहाचा आकडा सव्वाशे वर्षे जागचा हलला नाही आणि 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. दहा डॉलरमध्ये खांद्याची फाइल कोण वाचणार? 'डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स'सारख्या संघटनांचे प्रतिनिधी फुकट बाजू मांडत, त्यावर सगळे चाले.

आत काय चाले? मंडळाच्या सदस्यांत वकिलांबरोबर डॉक्टरही असत. ऐकायला हे बरे वाटते. ज्याला खांदा कळतो तोच न्याय देणार. प्रत्यक्षात त्या डॉक्टर-सदस्याचे मत निकालात मुरून जाई, ते खोडून काढण्याची संधी अपीलकर्त्याला मिळत नसे. त्यात पुराव्याची वानवा. 12 जुलै 1973 रोजी सेंट लुईसच्या लष्करी अभिलेखागाराला आग लागली आणि 1 कोटी 60 लाखांहून अधिक सेवापुस्तिका जळाल्या. 1912 ते 1960 दरम्यान लष्करातून सुटलेल्यांच्या सुमारे 80 टक्के नोंदी त्यात गेल्या. कोरियात खांदा निखळला होता, हे आता कागदावर दाखवायचे कसे?

दार उघडले 1988 मध्ये. व्हिएतनामहून परतलेल्यांच्या संघटनेने लावून धरलेली मागणी अखेर मान्य झाली, दहा डॉलरची मर्यादा मोडीत निघाली आणि मंडळाच्या निकालांची छाननी करणारे स्वतंत्र न्यायालय उभे राहिले. त्याने आल्या आल्या मंडळाला शिस्त लावली. 1990 मध्ये 'गिल्बर्ट' प्रकरणात सांगितले, की दोन्ही बाजूंचा पुरावा तोलामोलाचा असेल तर कौल सैनिकाला द्या आणि तो दिला नाही तर कारणे लिहा. 1991 मध्ये 'कॉल्विन'मध्ये बजावले, की वैद्यकीय मत पुराव्यातून घ्या, स्वतःच्या डोक्यातून नको. त्यानंतर मंडळावर डॉक्टरांना बसवण्यात अर्थ उरला नाही. 1994 पासून तीन-तीन सदस्यांऐवजी एकेकटा सदस्य निकाल देऊ लागला.

खांद्यापुरते बोलायचे तर मोठा टप्पा 1995 चा, 'डी-लुका विरुद्ध ब्राउन'. प्रकरण 5201 चेच होते. तपासणीच्या खोलीत हात कुठवर गेला एवढ्यावर भागणार नाही, असे न्यायालय म्हणाले. दुखण्यामुळे, थकव्यामुळे, वापर वाढल्यावर आणि दुखणे उसळते त्या दिवसांत किती हालचाल आणखी कमी होते, तेही पाहा आणि शक्य तेवढे अंशांत सांगा. दुखण्यामुळे काम होत नाही हेही अपंगत्वच, असे नियमांत आधीपासून छापलेले होते. मंडळ ते खांद्याला लावत नव्हते. आणि या खटल्यातले प्रतिवादी ब्राउन कोण? माजी सैनिक खात्याचे मंत्री जेसी ब्राउन. 1965 मध्ये व्हिएतनामात दा नांगजवळ जखमी झालेले मरीन, ज्यांचा उजवा हात त्या जखमेने अर्धवट लुळा पडला होता. मंत्री होण्याआधी ते 'डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स'चे कार्यकारी संचालक होते. पदामुळे नाव खटल्यात आले, एवढेच. पण हाताच्या दुखण्याचा खटला आणि विरुद्ध बाजूला तो माणूस, असा योग क्वचितच जुळतो.

छाननीची किंमतही मोजावी लागली. कारणे अपुरी, तपासणी अपुरी म्हणून न्यायालय प्रकरण मंडळाकडे परत पाठवी, मंडळ खालच्या कार्यालयाकडे. तिथे नवा पुरावा आला की पुन्हा पहिल्यापासून. मंडळापर्यंत गेलेल्या अपिलाला पाच-पाच वर्षांहून अधिक काळ लागू लागला. तरीही जुनी बंद खोली परवडली असती असे मला वाटत नाही. निदान आता नकाराचे कारण हातात पडते. 2017 चा सुधारणा कायदा फेब्रुवारी 2019 पासून लागू झाला. आता मंडळापुढेही तीन वाटा आहेत: आहे त्या कागदांवर निकाल, नवा पुरावा, किंवा सुनावणी. पहिलीसाठी मंडळाने 365 दिवसांचे उद्दिष्ट ठेवले. सुनावणी हवी असेल तर रांग लांब. निकालांची संख्या मात्र वाढली, 2020 च्या आर्थिक वर्षात ती एक लाखापुढे गेली.

खांद्याच्या हिशेबात सैनिकांची सरशीच होत गेली असेही नाही. हात पुढे उचलता येत नाही आणि बाजूलाही उचलता येत नाही, तेव्हा दोन वेगळे टक्के द्या, ही मागणी 2013 मध्ये फेडरल अपील न्यायालयाने फेटाळली: सांधा एक, टक्के एकदाच. 2021 मध्ये तक्त्याची भाषा सुधारली, तेव्हा दोन्ही हालचाली त्याच 5201 खाली स्पष्ट नोंदल्या गेल्या. उलट 2017 च्या 'शार्प' निकालाने तपासनिसाची एक पळवाट बुजवली. "दुखणे उसळलेले मी पाहिले नाही, म्हणून अंदाज सांगू शकत नाही," एवढे लिहून आता भागत नाही. सैनिकाला विचारून, कागद पाहून अंदाज करावा लागतो. म्हणून तपासणीला निघालेल्या माजी सैनिकाने मागच्या महिन्यात कोणत्या दिवशी सदरा घालता आला नाही, कोणत्या दिवशी फळीवरचा डबा काढता आला नाही, हे टिपून नेलेले बरे. तिथे सवयीने "ठीक आहे" म्हणून टाकले, तर तेच कागदावर जाते.