भोपळ्याचा पाईप : पारख दुकानात, घडण मात्र शेतात

आज पीक भोपळ्याचंच आहे, पण भाजीचं नाही. आधीच सांगतो, तंबाखू ओढा असं सांगायला हे लिहीत नाही. वाचायचं ते वेलासाठी.

शेरलॉक होम्स या इंग्रजी गुप्तहेराचं चित्र बऱ्याच जणांनी बघितलं असेल. तोंडात वाकडा, पिवळसर तपकिरी पाईप आणि त्यावर पांढरी वाटी. हा पाईप लाकडाचा नसतो, भोपळ्याचा असतो. आपला दुधी, साधूचा तुंबा आणि सतारीचा भोपळा ज्या जातीचे, त्याच जातीचा. शास्त्रीय नाव लॅजेनारिया सायसेरारिया. इंग्रजीत त्या पाईपला 'कॅलाबॅश' म्हणतात. याच नावाचं अमेरिकेत एक झाडही आहे, त्याला कडक कवचाची फळं येतात. ते वेगळं. पाईपचा भोपळा वेलावरच येतो.

गंमत म्हणजे होम्सच्या मूळ गोष्टींत हा पाईप कुठंच नाही. तिथं मातीचा, ब्रायर लाकडाचा आणि चेरीच्या लाकडाचा पाईप आहे. भोपळ्याचा पाईप त्याच्या तोंडात पुढं चित्रांनी आणि सिनेमांनी दिला.

खरा इतिहास दक्षिण आफ्रिकेतला आहे. हा वेल मूळचा आफ्रिकेचाच. कवच वाळलं की ते पाणी धरतं आणि तरंगतं. अमेरिकेतली माणसं सुमारे 10,000 वर्षांपूर्वीसुद्धा हा भोपळा वापरत होती. ती फळं आफ्रिकेतून समुद्रात वाहत तिकडं पोचली असावीत, असं 2014 च्या एका डीएनए अभ्यासात निघालं. तंबाखूचा प्रवास याच्या उलटा. ती मूळची अमेरिकेची, आणि 1492 नंतर दर्यावर्दी लोकांबरोबर जगभर गेली. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला डच लोकांनी 1652 साली वसाहत केली. त्यांच्या वंशजांना 'बोअर' म्हणतात, आणि डच भाषेत बोअर म्हणजे शेतकरीच! या मुलखात वेल आणि तंबाखू एकत्र आले आणि वाकड्या मानेच्या भोपळ्याचा पाईप झाला.

1899 ते 1902 या काळात इंग्रज आणि बोअर यांची लढाई झाली. तिथं गेलेल्या इंग्रज शिपायांनी हे पाईप मायदेशी नेले आणि लंडनच्या कारागिरांनी त्यांना रूप दिलं. मागणी एवढी वाढली की अमेरिकेच्या कृषी खात्यानं 1909 साली या एकट्या पिकावर पत्रक काढलं. लिहिणारे डेव्हिड फेअरचाइल्ड, देशोदेशींचं बियाणं गोळा करणारा माणूस.

आता पारख. पाईप घेणारा पहिल्यांदा वाक बघतो. मान एका लयीत वळलेली पाहिजे, मध्येच कोपरा नको. मग वजन. खरा भोपळा हातात हलका लागतो. लाकूड कोरून तसाच आकार केलेले पाईपही बाजारात असतात, ते जड. वरची वाटी काढून आत बघायचं. कवच सगळीकडं सारखं जाड आहे का, बारीक चीर आहे का. वाटी चांगली असेल तर मीरशॉमची असते. हा तुर्कस्तानात एस्किशेहिर भागात सापडणारा पांढरा, हलका दगड, चाकूनं कोरता येतो. स्वस्त मालात प्लॅस्टरसारख्या मिश्रणाची वाटी बसवतात. वाटी आणि भोपळा यांच्यामध्ये बुचाची कडी असते.

वाटीखालची पोकळी हेच या पाईपचं खरं काम. धूर तिथं उतरतो, थोडा गार होतो, ओल खाली राहते. आपल्याकडच्या गुडगुडीत नारळाच्या करवंटीतलं पाणी हेच काम करायचं. धूर गार झाला म्हणजे निर्धोक झाला असं मात्र नाही.

पण बघा, दुकानात जे जे तपासतात, त्यातलं निम्मं शेतात ठरलेलं असतं. मांडवावर वेल चढवला की फळ लोंबतं आणि वजनानं मान सरळ होते. पाईपसाठी फळ जमिनीवर ठेवतात. खाली सपाट फळी किंवा दगड देतात, म्हणजे बूड सडत नाही, आणि मान कोवळी असतानाच हळूहळू वळवतात. हे काम थोड्या दिवसांचंच असतं. कवच धरलं की मान वाकत नाही, मोडते. पुढं देठ वाळेपर्यंत फळ वेलावरच ठेवायचं. लवकर काढलं तर कवच पातळ राहतं आणि सुरकुततं. कारागीर नंतर घासतो, चकाकी देतो, वाटी बसवतो. पण सरळ मानेला त्याला वाक देता येत नाही.

तरी पाईपवर छाप असते ती कारागिराची नाहीतर दुकानाची. मान वळवणाऱ्याचं नाव कुठंच नसतं. आपल्याकडं मिरजेची सतार आणि तानपुरा यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आनंदच आहे. त्या वाद्यांचा भोपळा पंढरपूर भागातल्या शेतात पिकतो. वाद्य ऐकणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

पुढं सिगारेट पसरली. ब्रायरचा पाईप पडला तरी फुटत नाही, भोपळ्याचा फुटतो. मागणी आटली. एकाच गिऱ्हाइकावर उभं असलेलं पीक गिऱ्हाईक गेलं की बसतं, हे आपल्याला नवीन नाही.

शेवटी कामाचं. कुणाकडं तुंब्याचं जुनं बी असेल तर टाकू नका, दरसाल थोडं तरी लावून जिवंत ठेवा. पण ज्या दुधीचं बी घरी धरायचं आहे, तिच्याजवळ कडू भोपळा लावू नका. परागीकरणानं या वर्षीचं फळ बदलत नाही, पण त्या बियांपासून पुढच्या वर्षी कडू दुधी येऊ शकते. आणि दुधी कडू लागली की भाजी असो वा रस, घोटभरसुद्धा पोटात घालू नका. त्या कडूपणात विष असतं, रक्ताच्या उलट्या होऊन माणसाच्या जिवावर बेतलेलं आहे. वाळवून तुंबा करा. कडू भोपळ्याची जागा ताटात नाही, पण शेतात आहे.