शिक्षणातील विषमता आणि वसतिगृहांची परंपरा

शाळेचे दार उघडे असणे ही एक गोष्ट आणि त्या दारातून प्रत्येक मुलाचे पाऊल आत पडणे ही दुसरी गोष्ट होय. शिक्षणातील विषमतेचा इतिहास या दोहोंमधील अंतराचा इतिहास आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच मांडले. सरकारचा महसूल शेतकऱ्यांच्या श्रमातून येतो, परंतु त्यातून उभ्या राहिलेल्या शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गालाच मिळतो, असे सांगून त्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली.

ही विषमता केवळ जातीजातींमधील नव्हती, देशादेशांमधीलही होती. इंग्लंडने १८८० साली आपल्या मुलांना प्राथमिक शाळेत जाणे सक्तीचे केले. मात्र नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली हिंदुस्थानसाठी तशाच स्वरूपाचे विधेयक मांडले, तेव्हा ते पुढील वर्षी फेटाळले गेले. राज्यकर्त्यांनी स्वदेशात जे कर्तव्य मानले, ते वसाहतीत त्यांना परवडेनासे झाले! याउलट बडोद्यात महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली आणि कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास कोल्हापूर संस्थानात दरमहा एक रुपया दंड ठेवण्यात आला होता.

तथापि, केवळ कायद्याने खेड्यातील मूल शहरातील शाळेत पोहोचत नव्हते. माध्यमिक शिक्षण शहरात आणि विद्यार्थी खेड्यात, अशी स्थिती होती. शहरात त्याने राहावे कोठे आणि जेवावे कोठे, हा खरा प्रश्न होता. शाहू महाराजांनी त्याचे उत्तर वसतिगृहांत शोधले. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच सुमारास दिगंबर जैन बोर्डिंग उभे राहिले आणि पुढे लिंगायत, मुस्लिम व इतर समाजांची वसतिगृहेही स्थापन झाली. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेनेही वसतिगृहांच्या कार्यास मोठा हातभार लावला. शेतकरी जैन कुटुंबांतील पहिली शिकलेली पिढी बव्हंशी या बोर्डिंगांच्या पंगतीत वाढली.

परंतु या वसतिगृहांनाही मर्यादा होती. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. त्या समारंभास जैन बोर्डिंगमध्ये राहणारे भाऊराव पायगौंडा पाटील हे विद्यार्थी उपस्थित राहिले. परत आल्यावर स्नान करून 'शुद्ध' होण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. ही नोंद अप्रिय आहे, पण ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. ज्या बोर्डिंगने एका समाजातील मुलांना आधार दिला, त्याच बोर्डिंगच्या उंबरठ्यावर दुसऱ्या समाजाशी असलेले अंतरही उभे होते.

कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेल्या भाऊरावांनी हे अंतर मिटविण्यासाठी आयुष्य वेचले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंगतीत जेवीत. महात्मा गांधींच्या हस्ते १९२७ साली त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले. गावोगावच्या रयतेने मूठमूठ धान्य देऊन हा संसार चालविला. धान्य संपले तेव्हा सौ. लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले आणि अखेरीस मंगळसूत्रही मोडले. 'कमवा आणि शिका' या योजनेने गरीब विद्यार्थ्याला याचक न ठेवता स्वावलंबी केले.

१० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात शिक्षणाचा हक्क प्रत्येकाला दिला आणि प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे असावे असे नमूद केले. भारतात शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. तरीही युनेस्कोच्या २०२३ मधील अंदाजानुसार जगातील सुमारे २५ कोटी मुले-मुली शाळेबाहेर होती. दारिद्र्य, युद्ध, अंतर आणि मुलीच्या शिक्षणाविषयीची अनास्था ही त्यामागील काही प्रमुख कारणे होत. कोरोनाकाळात शाळा बंद झाल्या, तेव्हा ज्या घरी मोबाईल नव्हता त्या घरातील मुलाची शाळाच थांबली. अंतराचे रूप बदलले, अंतर मात्र राहिले.

जैन परंपरेने आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. वसतिगृहात आहारदान व शास्त्रदान यांचा सहज संगम होतो. त्यात अभयाची भर घालण्याचे कार्य कर्मवीरांनी केले. आपल्याला कोणी दूर सारणार नाही, हा विश्वास तेथे प्रत्येक मुलाला मिळाला. समाजाच्या शिक्षणकार्याचा हिशेब मांडताना किती इमारती उभ्या राहिल्या हे जसे पाहिले जाते, तसेच पंगतीबाहेर कोण राहिले हेही पाहिले जाणे अगत्याचे आहे. कर्मवीरांना खरी आदरांजली वाहावयाची तर ती याच मार्गाने.