नवाहो माणूस कुळ विचारतो तेव्हा

भाड्याने घर बघायला गेले की घरमालक आधी नाव विचारतो, मग ‘पूर्ण नाव सांगा’ म्हणतो. आडनावावरून अंदाज आला नाही तर ‘मूळ गाव कोणतं?’ हा प्रश्न ठरलेला. वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना पुढचं सांगायची गरज नाही.

म्हणूनच अमेरिकेतल्या नवाहो लोकांविषयी एम.ए.ला असताना पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चिडले होते. दोन अनोळखी नवाहो भेटले की रीतीप्रमाणे आपापली चार कुळं सांगतात: आईचं, बापाचं, आईच्या वडिलांचं आणि बापाच्या वडिलांचं. मनात म्हटलं, घ्या, तिथेही तेच!

पण ते तेच नाही.

‘नवाहो’ हे नाव इतरांनी ठेवलेलं. ते स्वतःला ‘डिने’ म्हणतात, म्हणजे लोक, माणसं. अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत त्यांचा प्रदेश पसरलेला आहे. कुळ आईकडून येतं. डिने माणूस सांगतो की मी अमुक कुळात जन्मलो (हे आईचं) आणि तमुक कुळासाठी जन्मलो (हे बापाचं). या दोन्ही कुळांत लग्न चालत नाही. कुळं कळली की समोरचा आपला कोण लागतो हे कळतं. परका वाटणारा माणूस मामा निघतो, एखादी मुलगी बहीण निघते, आणि नातं निघालं की जबाबदारीही आली.

9 मे 1916 रोजी बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला, तो डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. हे गोल्डनवायझर स्वतः इरोक्वा या मूळ अमेरिकी लोकांचे अभ्यासक होते. बाबासाहेबांचा मुद्दा असा की कुळाबाहेर लग्न करण्याची चाल जुन्या समाजांत सगळीकडे होती, भारतातही होती. त्या बहिर्विवाहावर अंतर्विवाह लादला गेला तेव्हा जात तयार झाली. ही कसोटी डिने समाजाला लावून बघा. कुळ आहे, बाहेर लग्न करण्याचा नियम आहे, पण वरून घातलेलं कुंपण नाही.

पुरावा त्यांच्या कुळांच्या यादीतच आहे. 1680 मध्ये प्युब्लो लोकांनी स्पॅनिश सत्तेविरुद्ध बंड केलं. पुढच्या दशकात स्पॅनिश परतले तेव्हा अनेक प्युब्लो कुटुंबं डिने लोकांच्या आश्रयाला गेली. आज हेमेझ गावातून आलेल्यांच्या वंशाचं एक कुळ आहे, झुनी लोकांशी नातं सांगणारं आहे, आणि मेक्सिकन माणसांच्या वंशजांचं ‘नाकाई डिने’सुद्धा आहे. डिने लोकांनीही छापे घातले, माणसं पकडून आणून राबवली. हा इतिहास काही दुधात धुतलेला नाही. पण आलेल्यांच्या लेकरांना गावकुसाबाहेर कायमचं बसवणारा धर्मग्रंथ तिथे रचला गेला नाही.

आता कृतज्ञतेचं बघू. आपल्याला हा शब्द फार ऐकवला जातो. सवलती घेता, मग उपकार माना. ‘खाल्ल्या मिठाला जागावं’ म्हणतात ना? ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यापुढे मान वर करायची नाही, असा त्याचा अर्थ आपल्या आजोबांच्या पिढीने पाठीवर झेलला.

डिने घरात बाळ पहिल्यांदा खळखळून हसलं की समारंभ होतो. ज्याने हसवलं त्याने जेवण घालायचं. येणाऱ्या प्रत्येकाला मीठ दिलं जातं, आणि ते बाळाच्या हातून! दात यायच्या आधी पोराला देणारा बनवतात. मीठ तिथेही आहे, पण घेणारा त्याने गुलाम होत नाही.

आणि सरकारचं मीठ? 1863-64 मध्ये किट कार्सनच्या फौजेने डिने लोकांचा मका जाळला, मेंढ्या मारल्या, कॅन्यन डी शे मधली पीचची झाडं तोडली. मग हजारो लोकांना शेकडो किलोमीटर चालवत बोस्के रेडोंडोच्या छावणीत नेलं. तिथे पेकोस नदीचं पाणी खारट, पेरलेल्या मक्याला कीड, आणि जळणासाठी मैलोगणती पायपीट. चार वर्षांत दोन हजारांवर माणसं मेली. 1868 मध्ये जनरल शर्मनने त्यांना आणखी दूर, इंडियन टेरिटरीत पाठवायचं सुचवलं. बार्बोन्सितो या पुढाऱ्याने नकार दिला, आम्हाला आमच्याच डोंगरांत जायचं आहे म्हणून. 1 जूनला करार झाला आणि लोक परतले. करारात सरकारने 15,000 मेंढ्या-शेळ्या देऊ केल्या. आधी मारायच्या, मग द्यायच्या! 1930 च्या दशकात त्याच सरकारने जमिनीची धूप होते म्हणून डिने लोकांचे कळप पुन्हा सक्तीने कमी केले. मेंढ्यांवर मालकी बरीचशी बायकांची होती, त्यामुळे फटका त्यांना बसला. कुणाचे आभार मानायचे होते त्यांनी? 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी ओकॉनेलचा दाखला देऊन बजावलं होतं, स्वाभिमान गहाण टाकून कुणी कृतज्ञ राहू शकत नाही.

त्यांनी मानलेले आभार वेगळ्या ठिकाणी दिसतात, ऋतूंच्या शिस्तीत. डिने वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू होतं. कोल्ह्यासारख्या चतुर कायोटीच्या गोष्टी सांगायच्या, दोऱ्याचे खेळ खेळायचे, ते फक्त हिवाळ्यात, साप आणि अस्वलं झोपलेली असताना. पहिला मेघ गडगडला की गोष्टी बंद. त्या सृष्टीचा मान म्हणून.

या शिस्तीवरच शाळांनी घाव घातला. सरकारी निवासी शाळांत पोरांचे केस कापले, मातृभाषा बोलली तर शिक्षा केली, हे आपण वाचलेलं असतं. वेळापत्रकाकडे मात्र लक्ष जात नाही. शाळा हिवाळाभर चालायची. सुट्टीत पोरं घरी यायची ती उन्हाळ्यात. आजी समोर बसलेली, नातू समोर बसलेला, आणि गोष्टी सांगायचा हंगाम संपलेला.