भोंगा, साचे आणि पंच्याऐंशी डेसिबल

रिंगास्किडी हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते एखाद्या बालगीतातलं वाटलं होतं! कॉर्कच्या बंदराच्या काठावरचं हे छोटं गाव. एका बाजूला फ्रान्सला जाणाऱ्या फेरीचा धक्का, दुसऱ्या बाजूला औषधांचे कारखाने आणि समोर पुलापलीकडे हॉलबोलिन बेट. कामानिमित्त इथल्या एका कारखान्यात माझं जाणं-येणं सुरू झालं. काम आपलं नेहमीचंच, सॉफ्टवेअर आणि मीटिंगा. पहिल्या दिवशी मशीनवरचं एक रीडिंग बघायला आत निघालो, तर दारावर निळी गोल पाटी, तिच्यावर कानांना मफ लावलेलं डोकं. तिथल्या सुपरवायझरनं माझ्या हातात स्पंजचे दोन बोळे ठेवले.

"पाच मिनिटांचं तर काम आहे," मी म्हटलं.

"कान बाहेर ठेवून जाणार आहेस का?" तो म्हणाला.

बोळे घातले. आणि मंडळी, त्या क्षणी मला आठवण झाली ती लालबागच्या चाळीतल्या आमच्या आजोबांची. ते गिरणीत साळखात्यात होते. आयुष्यभर साचे चालवले. घरात रेडिओ एवढा मोठ्यानं लावायचे की शेजारच्या खोलीतल्यांना वेगळा रेडिओ घ्यायची गरजच नव्हती. आजी म्हणायची, "ह्यांचे कान गिरणीनं खाल्ले." पण ही तक्रार नव्हती. पाऊस पडतो तसे गिरणीतल्या माणसाचे कान जातात, इतकं ते सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं.

ती निळी पाटी तिथे कधी आली, ह्याचा शोध घेऊ लागलो आणि त्यात बऱ्याच रात्री गेल्या.

युरोपीय संघानं कामाच्या जागेवरील आवाजाचा नवा निर्देश काढला २००३ साली. सदस्य देशांनी तो १५ फेब्रुवारी २००६ पर्यंत आपापल्या कायद्यात आणायचा होता. आयर्लंडनं त्यासाठी २००६ मध्ये नियम केले, आणि १ नोव्हेंबर २००७ पासून ते कामगार सुरक्षेच्या एकत्रित नियमावलीत गेले. दिवसभराची सरासरी ८० डेसिबल झाली की मालकानं कानांचं संरक्षण उपलब्ध करून द्यायचं. ८५ झाली की ते वापरलंच पाहिजे, तिथे पाटी लावायची, शिवाय आवाजच कमी करण्याची योजना आखायची. आणि संरक्षण धरूनही कानापर्यंत ८७ च्या वर काही पोचता कामा नये. ह्याआधीच्या, १९९० च्या नियमांत हेच टप्पे ८५ आणि ९० होते.

पाचचाच तर फरक, असं वाटेल. पण डेसिबल हे लॉगरिदमचं प्रकरण आहे (इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकलेलं आयुष्यात एकदा तरी कामाला आलं!). तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. म्हणजे ८५ ला आठ तास चालतील, तर ८८ ला चारच आणि ९१ ला दोन. ९० वरून ८५ वर येणं म्हणजे ऊर्जा जवळजवळ एक तृतीयांशावर आणणं.

सवलतीही गमतीच्या होत्या. संगीत आणि करमणुकीच्या धंद्याला २००८ च्या फेब्रुवारीपर्यंत मुदत मिळाली. पब आणि बँड ह्यांच्याशिवाय आयर्लंडचं पान हलत नाही, हे आपण जाणतोच! समुद्रावरच्या जहाजांतल्या कर्मचाऱ्यांसाठी ती ८७ ची मर्यादा २०११ पर्यंत पुढे ढकलायची मुभा होती.

पण इथे खरी जाग आणली ती सैनिकांनी. १९९० च्या दशकात आयरिश सैन्यातल्या आजी-माजी जवानांनी सरकारवर दावे लावले. गोळीबाराच्या सरावात आमच्या कानांना पुरेसं संरक्षण दिलं नाही, आता ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं. दावे वाढत वाढत सोळा हजारांच्या वर गेले आणि सरकारला सुमारे ३० कोटी युरो मोजावे लागले. त्यातला बराच भाग वकिलांच्या खिशात गेला, ते असो. बहिरेपणा मोजायचा कसा, हे ठरवायला १९९८ मध्ये खास कायदा करावा लागला. आयरिश नौदलाचं मुख्यालय त्याच हॉलबोलिनवर आहे.

त्याच बेटावर पोलादाचा कारखानाही होता. १९९६ मध्ये तो लक्ष्मी मित्तल ह्यांच्या इस्पात समूहानं नाममात्र एका पौंडाला विकत घेतला आणि २००१ मध्ये तो बंद पडला. जिथे त्याची मळी टाकत तिथे आज बाग आहे. ८५ चा नियम आला तेव्हा ह्या भागातली सर्वांत दणदणाट करणारी जागा मुकी होऊन पाच वर्षं झाली होती.

आपल्या गिरण्यांचं वेगळं काय झालं? रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्यानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं, की व्हेनिसचे तांबट दिवसभर तांबं ठोकून म्हातारपणी ठार बहिरे होतात. पुण्याच्या तांबट आळीतून गेलेल्या कुणालाही हे सांगायला वैद्य लागू नये. म्हणजे माहिती नव्हती असं नाही. तरी १८८१ च्या आपल्या पहिल्या फॅक्टरी कायद्यात आवाजाचं नाव नाही. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या वतीनं मागण्या मांडल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, जखमी झाला तर बरा होईपर्यंत मजुरी. त्यांतही कान नाहीत. हात तुटला तर पैसे द्या, एवढं म्हणणं हीच त्या काळी मोठी मजल होती.

पुढे आपल्याकडेही नियम झाले. आठ तासांना ९० डेसिबल, आणि पाच डेसिबल वाढले की वेळ निम्मी, हे कोष्टक इथल्यापेक्षा बरंच ढिलं. आवाजानं येणारा बहिरेपणा व्यावसायिक रोगांच्या यादीतही आला. पण भारतात त्यापायी पहिली भरपाई कुणाला मिळायला १९९६ साल उजाडावं लागलं, असं ह्या विषयावरच्या एका वैद्यकीय लेखात वाचलं आणि मी लॅपटॉप मिटून ठेवला. आजोबांची गिरणी १९८२ च्या संपात बंद पडली ती पडलीच. त्यानंतर दहा-बारा वर्षं ते चाळीतल्या कॉमन गॅलरीत बसून असत. एकाच वेळी शेकडो साचे चालणाऱ्या त्या खात्यातला आवाज शंभराच्या आसपास असणार. पगारात कापल्या जाणाऱ्या दिवसांचा हिशेब त्यांच्या वहीत आहे. कानांचा कुठेच नाही.

मागच्या वर्षी कारखान्यात आम्हा कंत्राटी लोकांचीही कानांची तपासणी झाली. नर्सबाईंनी समजावून सांगितलं, की आवाजानं कान बिघडतो तो आधी चार हजार हर्ट्झच्या आसपास. जाड आवाज ऐकू येतो. स, श, फ अशी अक्षरं गळतात, बायकामुलांचे बारीक आवाज अस्पष्ट होतात. माणूस म्हणतो, "ऐकू येतं, पण कळत नाही." अगदी हेच वाक्य आजोबांचं! बाबांशी ते बोलायचे, ताईनं काही विचारलं की नुसते हसायचे. तिला वाटायचं, आजोबांचा जीव माझ्यावर कमी आहे.

मग बाईंनी फॉर्मवरचा पुढचा प्रश्न विचारला. "रात्री शांत असताना कानात शिट्टी किंवा घंटा वाजल्यासारखं होतं का?"

मला नाही होत. पण संपानंतर कितीतरी वर्षं आजोबा रात्री मध्येच उठून बसायचे आणि आजीला म्हणायचे, "भोंगा झाला गं, डबा भर." आम्हाला वाटायचं, त्यांना गिरणीची आठवण येते.