मोटारीच्या प्रतिकृती-संचाचे रूपांतर
मोटारीच्या प्रतिकृती-संचाचे रूपांतर : पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून जुन्या मोटारीची प्रतिकृती जोडताना तिच्या मूळ रूपात हेतुपुरस्सर केलेला बदल. हा बदल म्हणजे संचाशी प्रतारणा, असा आक्षेप घेतला जातो. या छंदाचा इतिहास मात्र उलट साक्ष देतो. अमेरिकेतील एएमटी कंपनीने १९५८ मध्ये १/२५ प्रमाणातील ‘थ्री-इन-वन’ संच बाजारात आणले. एकाच खोक्यातील भागांतून मोटारीचे कारखान्यातील मूळ, सजवलेले किंवा शर्यतीचे रूप साकारता येई. म्हणजेच निवडीचे स्वातंत्र्य संचातच अंतर्भूत होते. कॅलिफोर्नियातील हौशी कारागीर तर १९३२ च्या फोर्डसारख्या खऱ्या गाड्यांचीही छपरे कापून बुटकी करीत. प्रतिकृतीचे छप्पर बारीक करवतीने कापणे, फट पुट्टीने भरणे, पॉलिश पेपरने घासून रंगवणे ही त्याच कारागिरीची लहान आवृत्ती होय.

रूपांतरामुळे ऐतिहासिक अचूकता हरवते, ही शंका उत्पादन थांबलेल्या दुर्मीळ संचांपुरती रास्त आहे. एरवी बदलासाठीही मूळ घडणीची जाण लागतेच. छपराचे खांब तिरपे असल्यास त्यांची उंची कमी करताच सांधे जुळेनासे होतात आणि मापे नव्याने घ्यावी लागतात. मूळ गाडीचा बारकाईने अभ्यास केल्याशिवाय चांगले रूपांतर साधत नाही.